मॅगेनिन ते पेक्सिगॅनान : एका कृत्रिम जिवाणूरोधी पेप्टाइडाच्या अपयशाचा इतिहास (१९८७–२०१६)

प्रस्तावना

विसाव्या शतकातील वैद्यकाचा इतिहास लिहिताना प्रतिजैविकांचा शोध हे त्या शतकाचे एक मोठे यश मानले जाते व ते योग्यच आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलियम बुरशीचा जिवाणूनाशक गुण हेरला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिनचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि पुढील दोन-तीन दशकांत एकामागून एक नवी प्रतिजैविके उपलब्ध झाली, हा क्रम सर्वपरिचित आहे. परंतु जिवाणूंनीही या औषधांना दाद न देण्याची क्षमता क्रमाक्रमाने मिळवली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार केवळ २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधप्रतिरोधी जिवाणूंच्या संसर्गामुळे झाले. त्यामुळे प्रतिजैविकांच्या इतिहासाकडे केवळ यशाची कथा म्हणून पाहणे आता पुरेसे ठरत नाही.

औषधांच्या रूढ इतिहासात जी औषधे बाजारात आली त्यांचीच नोंद होते. प्रयोगशाळेत आशा निर्माण करून रुग्णांपर्यंत न पोहोचलेल्या औषधांचा उल्लेख एखाद्या वाक्यापलीकडे जात नाही. वस्तुतः कोणत्या कसोटीवर औषध स्वीकारले वा नाकारले गेले, ती कसोटी कोणी ठरवली आणि ती योग्य होती काय, हे प्रश्न अयशस्वी औषधांच्या अभ्यासातून अधिक स्पष्ट होतात. या दृष्टीने आफ्रिकन बेडकाच्या त्वचेत सापडलेले ‘मॅगेनिन’ आणि त्याच्या आधारे तयार केलेले ‘पेक्सिगॅनान’ हे कृत्रिम पेप्टाइड यांचा इतिहास अभ्यासनीय आहे. चांगले औषध सरकारी नियमांच्या आडमुठेपणामुळे वाया गेले, अशी या इतिहासाची एक प्रचलित मांडणी आहे. उपलब्ध पुराव्याच्या आधारे ती मांडणी तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) पेप्टाइड वर्गातील प्रतिजैविकांची ऐतिहासिक पूर्वपीठिका समजून घेणे.
२) मॅगेनिनचा शोध व पेक्सिगॅनानच्या वैद्यकीय चाचण्या यांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
३) अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये दिलेल्या नकाराचे २०१६ च्या निकालाच्या प्रकाशात पुनर्मूल्यांकन करणे.
४) या इतिहासाचा भारतीय संदर्भ स्पष्ट करणे.

पूर्वपीठिका : ग्रामिसिडिन ते कोलिस्टिन

अमिनो आम्लांचे रेणू एकमेकांस जोडून तयार होणाऱ्या लहान साखळीस पेप्टाइड म्हणतात. हीच साखळी बरीच लांब झाली की तिला प्रथिन म्हटले जाते. जिवाणूंना मारणारी पेप्टाइडे अलीकडच्या काळातील नवलाई आहेत, असा समज अनेकदा आढळतो. प्रत्यक्षात पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पेप्टाइड वर्गातील एक प्रतिजैविक ज्ञात झाले होते. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत रेने द्युबो यांनी १९३९ मध्ये मातीतील एका जिवाणूपासून जे द्रव्य वेगळे केले, त्यातूनच पुढे ग्रामिसिडिन हाती आले. मातीतील सूक्ष्मजीवांकडून रोगजंतूंचा नाश करणारी द्रव्ये हेतुपुरस्सर शोधता येतात, हे या कार्याने दाखवून दिले. मात्र ग्रामिसिडिन रक्तात गेल्यास तांबड्या पेशी फुटतात, असे आढळल्याने त्याचा उपयोग केवळ बाह्य जखमांपुरता मर्यादित राहिला.

सोव्हिएत रशियात गिऑर्गी गाउझे व मारिया ब्राझ्निकोवा यांनी १९४२ मध्ये ‘ग्रामिसिडिन एस’ शोधले आणि युद्धकाळात सैनिकांच्या जखमांवर त्याचा वापर झाला. त्यानंतर १९४७ मध्ये पॉलिमिक्सिन गटातील द्रव्यांचा शोध लागला. याच गटातील कोलिस्टिन जपानमध्ये कोयामा व सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास उजेडात आणले. कोलिस्टिन १९५० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आले. परंतु मूत्रपिंड व मज्जासंस्था यांवरील त्याचे दुष्परिणाम लक्षात आल्यावर १९७० च्या दशकापासून त्याचा वापर घटत गेला. त्या काळी तुलनेने सुरक्षित वाटणारी अन्य प्रतिजैविके उपलब्ध असल्याने कोलिस्टिनची उणीव कोणास भासली नाही.

या पूर्वपीठिकेतून एक गोष्ट ध्यानात येते. पेप्टाइडे जिवाणूंना मारतात याविषयी आरंभापासून शंका नव्हती. रुग्णाच्या शरीरास इजा न करता ती मारतात काय, हा खरा प्रश्न होता आणि मॅगेनिनच्या शोधापूर्वी अर्धे शतक तो विचारला जात होता.

प्रयोगशाळेतील बेडूक व मॅगेनिनचा शोध

‘झेनोपस लेव्हिस’ हा नखे असलेला बेडूक मूळचा दक्षिण आफ्रिकेतील. १९३० च्या दशकात गर्भधारणेची चाचणी करण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. गर्भवती स्त्रीचे मूत्र टोचल्यावर मादी बेडूक काही तासांत अंडी घालते, या निरीक्षणावर ही चाचणी आधारलेली होती आणि तिच्या विकासात लान्सलॉट हॉगबेन यांच्या दक्षिण आफ्रिकेतील संशोधनाचा मोठा वाटा होता. या चाचणीमुळे हा प्राणी युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांत पोहोचला. पुढे रासायनिक चाचण्या आल्यावर हा उपयोग संपला. पण त्याच्या मोठ्या आकाराच्या अंडपेशी जीवशास्त्रज्ञांना उपयुक्त वाटल्याने बेडूक प्रयोगशाळांत टिकून राहिला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झॅस्लॉफ अशाच अंडपेशींवर आनुवंशिकीचे संशोधन करीत होते. बेडकाचे पोट उघडून अंडाशय काढावयाचे, टाके घालावयाचे आणि प्राणी पुन्हा पाण्याच्या टाकीत सोडावयाचा, असा त्यांच्या प्रयोगशाळेतील परिपाठ होता. टाकीतील पाणी निर्जंतुक नव्हते. असे असूनही बहुतेक बेडकांच्या जखमा पू न होता भरून येत. ही गोष्ट वर्षानुवर्षे अनेकांच्या नजरेसमोर होती. झॅस्लॉफ यांनी तिच्यामागील कारण शोधण्याचे ठरवले आणि बेडकाच्या त्वचेतून प्रत्येकी २३ अमिनो आम्लांची दोन पेप्टाइडे वेगळी केली. हे संशोधन ऑगस्ट १९८७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून या पेप्टाइडांना ‘मॅगेनिन’ असे नाव देण्यात आले.

येथे हेही नमूद करणे आवश्यक आहे की, प्राण्यांच्या शरीरातील जिवाणूरोधी पेप्टाइडांचा हा पहिला शोध नव्हता. स्वीडनमध्ये हान्स बोमन व सहकाऱ्यांनी सेक्रोपिया जातीच्या पतंगाच्या कोशातून मिळवलेल्या ‘सेक्रोपिन’ या पेप्टाइडांची रचना १९८१ मध्येच प्रसिद्ध केली होती. सस्तन प्राण्यांच्या पांढऱ्या पेशींतील ‘डिफेन्सिन’ ही पेप्टाइडेही त्याच दशकात ज्ञात झाली होती. तथापि शस्त्रक्रियेनंतर घाणेरड्या पाण्यात पोहणाऱ्या बेडकाची हकिकत सामान्य वाचकास सहज समजणारी होती. अमेरिकन वृत्तपत्रांनी या शोधाची तुलना पेनिसिलिनशी केली आणि मॅगेनिनविषयीच्या अपेक्षा प्रारंभीच उंचावल्या.

रेणूपासून मलमापर्यंत

मॅगेनिनविषयी शास्त्रज्ञांना वाटणाऱ्या आशेमागे ठोस कारण होते. पेनिसिलिनसारखी औषधे जिवाणूतील एखाद्या विशिष्ट प्रथिनावर किंवा क्रियेवर आघात करतात. त्या प्रथिनात लहानसा बदल झाला किंवा औषध नष्ट करणारे विकर जिवाणूने तयार केले की औषध निष्प्रभ होते. मॅगेनिनसारखी पेप्टाइडे धनभारित असतात, तर जिवाणूच्या बाह्य पटलावर ऋणभार असतो. त्यामुळे पेप्टाइड पटलाकडे ओढले जाते, त्यात शिरते आणि पटल फाटून जिवाणू मरतो. मानवी पेशीच्या पटलाचा बाह्य पृष्ठभाग बहुतांशी भाररहित असतो व त्यात कोलेस्टेरॉल असते; म्हणून तिला तुलनेने कमी इजा होते. संपूर्ण पटलाची घडण बदलणे जिवाणूस फार महागात पडेल, सबब अशा पेप्टाइडांविरुद्ध प्रतिरोध निर्माण होणे अवघड आहे, असा युक्तिवाद झॅस्लॉफ व अन्य संशोधकांनी केला.

बेडकांच्या त्वचेतून औषधाच्या प्रमाणात पेप्टाइड मिळवणे शक्य नव्हते. ही अडचण रॉकफेलर येथीलच ब्रूस मेरिफील्ड यांच्या पद्धतीमुळे दूर झाली होती. घन कणांवर एकेक अमिनो आम्ल क्रमाने जोडत पेप्टाइड तयार करण्याची ही पद्धत त्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली होती आणि तिच्यासाठी त्यांना १९८४ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला होता. या पद्धतीने केवळ निसर्गातील पेप्टाइडाची प्रतिकृतीच नव्हे, तर त्यात हवे ते फेरफारही करता येत. मॅगेनिनमध्ये असे फेरफार करून, विशेषतः लायसिन या धनभारित अमिनो आम्लाचे प्रमाण वाढवून, २२ अमिनो आम्लांचे नवे पेप्टाइड तयार करण्यात आले. तेच पेक्सिगॅनान होय. त्याच्या विकासासाठी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मॅगेनिन फार्मास्युटिकल्स ही कंपनी स्थापन झाली होती.

कृत्रिम पेप्टाइड तयार करता आले, तरी ते शरीरात टिकवणे हा वेगळा प्रश्न होता. रक्तातील व ऊतींतील विकरे पेप्टाइडाचे तुकडे करतात आणि मोठी मात्रा दिल्यास विषारी परिणामांची भीती असते. म्हणून कंपनीने शिरेतून द्यावयाच्या औषधाऐवजी त्वचेवर लावावयाच्या मलमाचा मार्ग पत्करला. प्रथम लहान मुलांना होणाऱ्या ‘इम्पेटिगो’ या त्वचेच्या जिवाणूजन्य विकारावर प्रयोग झाला. पण त्यात औषधयुक्त मलम औषधविरहित मलमाहून सरस ठरले नाही. स्वच्छता राखल्यास हा विकार बऱ्याच अंशी आपोआप बरा होतो, हे त्याचे एक कारण होते. पुढील घडामोडींच्या दृष्टीने हा पहिला अनुभव महत्त्वाचा आहे.

मधुमेही रुग्णांवरील चाचण्या व १९९९ चा निर्णय

यानंतर कंपनीने मधुमेही रुग्णांच्या पायावरील संसर्गयुक्त जखमांकडे लक्ष वळवले. मधुमेहात पायाची संवेदना व रक्तपुरवठा कमी होतो, लहान जखमही चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. या व्याधीची व्याप्ती पाहता औषधाची निकड आणि बाजारपेठ ही दोन्ही मोठी होती.

सौम्य संसर्ग असलेल्या ८३५ रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या घेण्यात आल्या. काही रुग्णांना पेक्सिगॅनानचे मलम आणि औषधविरहित गोळ्या, तर काहींना ‘ऑफ्लॉक्सॅसिन’ या प्रचलित प्रतिजैविकाच्या गोळ्या आणि औषधविरहित मलम देण्यात आले. कोणास काय मिळत आहे हे रुग्ण व डॉक्टर या दोघांनाही ठाऊक नव्हते. दोन्ही उपचार समतुल्य आहेत, हे सिद्ध करणे हा चाचण्यांचा उद्देश होता. या चाचण्यांचा सविस्तर अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिल्या चाचणीत समतुल्यता सिद्ध झाली नाही. दुसऱ्या चाचणीत व दोहोंच्या एकत्रित आकडेवारीत मात्र ती दिसून आली. दोन्ही गटांत ८५ ते ९० टक्के रुग्णांमध्ये सुधारणा झाली, पण जिवाणूंचे संपूर्ण उच्चाटन ४२ ते ४७ टक्के रुग्णांमध्येच झाले. ऑफ्लॉक्सॅसिन घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये त्या औषधास प्रतिरोधी जिवाणू निर्माण झाले. पेक्सिगॅनानच्या गटात तसा लक्षणीय प्रतिरोध आढळला नाही.

या आकडेवारीत एक विसंगती दडलेली आहे. निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये जिवाणू पूर्णपणे नष्ट झाले नव्हते, तरीही बहुतेकांची जखम सुधारली. मग ही सुधारणा कशामुळे झाली? चाचणीतील रुग्णांच्या जखमांची स्वच्छता करणे, मृत ऊती काढणे, पायावरील भार कमी करणे ही शुश्रूषा दोन्ही गटांना मिळत होती. सुधारणेचे श्रेय औषधाचे की शुश्रूषेचे, हे ठरवण्यासाठी केवळ शुश्रूषा मिळालेला तिसरा गट आवश्यक होता आणि तो या चाचण्यांत नव्हता. संसर्ग झालेल्या मधुमेही रुग्णास प्रतिजैविक न देणे नैतिकदृष्ट्या योग्य ठरणार नाही, असा त्या वेळचा विचार होता.

मार्च १९९९ मध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे हे प्रकरण आले आणि समितीच्या बहुमताने मान्यतेची शिफारस केली नाही. जुलै १९९९ मध्ये प्रशासनाने औषध मान्यतेस पात्र नसल्याचे कळवले. या निर्णयाचा कंपनीवर दूरगामी परिणाम झाला. तिने पुढे ‘जेनेरा’ हे नवे नाव धारण केले व अन्य औषधांकडे लक्ष वळवले. २००९ मध्ये ती विसर्जित झाली. वैज्ञानिक लेखनात या घटनेचा उल्लेख बहुधा असा होतो की, औषध प्रचलित उपचाराइतकेच चांगले असूनही, ते अधिक चांगले नाही म्हणून नाकारले गेले. प्रतिरोधाचा धोका कमी असणे हाच या औषधाचा मुख्य गुण असताना प्रशासनाने त्यास महत्त्व दिले नाही, ही त्या मांडणीतील मुख्य तक्रार आहे.

प्रतिरोधाविषयीचा वाद

प्रतिरोध निर्माण होणे अवघड आहे, हे गृहीतकही पुढे कसोटीस लागले. ग्रॅहॅम बेल व पिएर-आंरी गुयों या उत्क्रांतिशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक गंभीर आक्षेप घेतला. अशी पेप्टाइडे औषध म्हणून मोठ्या प्रमाणावर वापरल्यास जिवाणू त्यांनाही प्रतिरोधी होतील. आणि मानवी शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेप्टाइडांची रचना त्यांच्याशी मिळतीजुळती असल्याने हे जिवाणू आपल्या नैसर्गिक संरक्षणासही दाद देणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

झॅस्लॉफ यांना हा आक्षेप मान्य नव्हता. परंतु त्यांनी वाद शब्दांपुरता न ठेवता बेल यांच्याबरोबर संयुक्त प्रयोगात भाग घेतला, ही बाब विज्ञानाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. जिवाणूंच्या २४ वंशावळी पेक्सिगॅनानच्या सान्निध्यात ६०० ते ७०० पिढ्या वाढवण्यात आल्या. त्यांपैकी २२ वंशावळींत आनुवंशिक प्रतिरोध निर्माण झाला. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला व त्या लेखाच्या लेखकांत स्वतः झॅस्लॉफ यांचेही नाव आहे. चाचणीतील रुग्णांना काही आठवडेच मलम लावले गेले होते. तेवढ्या अल्प काळात प्रतिरोध न दिसणे हा तो कधीच निर्माण होणार नाही याचा पुरावा ठरत नव्हता.

२०१६ चा निकाल

पेक्सिगॅनानचा इतिहास १९९९ मध्ये संपला असता, तर नियमांनी मारलेले औषध ही त्याची प्रतिमा कदाचित कायम राहिली असती. परंतु डिपेक्सियम या दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीने हे औषध हाती घेऊन सौम्य संसर्ग असलेल्या मधुमेही जखमांवरच दोन नव्या चाचण्या घेतल्या. या वेळी तुलना अन्य प्रतिजैविकाशी नव्हती. एका गटास पेक्सिगॅनानचे मलम, दुसऱ्यास औषधविरहित मलम आणि दोहोंस जखमेची नेहमीची शुश्रूषा, अशी त्यांची रचना होती. म्हणजेच १९९० च्या दशकात जो प्रश्न विचारला गेला नव्हता, तो या वेळी सरळ विचारण्यात आला.

ऑक्टोबर २०१६ मध्ये निकाल जाहीर झाला. पेक्सिगॅनान औषधविरहित मलमाहून सरस ठरले नाही.

या निकालाच्या प्रकाशात १९९९ च्या निर्णयाचा फेरविचार करणे क्रमप्राप्त आहे. सौम्य जखमांमध्ये या मलमाचा स्वतःचा असा परिणाम सिद्ध झालेला नाही, ही समितीपुढील शंका अवाजवी नव्हती. दोन उपचार समतुल्य आहेत एवढे दाखवल्याने दोन्ही उपयुक्त आहेत असे सिद्ध होत नाही. दोन्ही अनावश्यक असतानाही ते समतुल्यच दिसतील. इम्पेटिगोच्या प्रयोगात हीच गोष्ट आधी दिसून आली होती. अर्थात यावरून पेक्सिगॅनान जिवाणूंना मारत नाही, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. परीक्षानळीतील त्याची क्षमता निर्विवाद आहे. ज्या रुग्णांवर ते वापरून पाहिले गेले, त्यांना त्याची गरज होती काय, हा प्रश्न आहे. मलम तयार करणे शक्य व सुरक्षित होते म्हणून सौम्य रुग्ण निवडले गेले. ज्यांना नव्या औषधाची खरी निकड होती, ते औषधप्रतिरोधी जिवाणूंनी ग्रासलेले अत्यवस्थ रुग्ण या चाचण्यांच्या कक्षेबाहेरच राहिले.

तुलना : कोलिस्टिन, डॅप्टोमायसिन व म्युरेपाव्हाडिन

हा मुद्दा अन्य तीन औषधांच्या तुलनेतून अधिक स्पष्ट होतो. १९७० च्या दशकापासून मागे पडलेले कोलिस्टिन १९९० च्या दशकात पुन्हा वापरात येऊ लागले. अतिदक्षता विभागांतील काही जिवाणू इतर जवळजवळ सर्व औषधांना दाद देईनासे झाले होते आणि कोलिस्टिन त्यांच्यावर अद्याप परिणामकारक होते. त्याची विषाक्तता कमी झाली नव्हती. मृत्यूचा धोका समोर असताना मूत्रपिंडाच्या इजेचा धोका पत्करणे डॉक्टरांना भाग पडले. जागतिक आरोग्य संघटनेने कोलिस्टिनचा समावेश राखीव प्रतिजैविकांच्या गटात केला आहे.

डॅप्टोमायसिन हे मेदाम्ल जोडलेले पेप्टाइड असून स्नायूंवरील दुष्परिणामांमुळे मूळ कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याचा विकास थांबवला होता. नंतर दुसऱ्या कंपनीने दिवसातून दोनदा ऐवजी एकदाच मात्रा दिल्यास हे दुष्परिणाम कमी होतात, असे दाखवले आणि २००३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. रेणू तोच राहिला, वापराची पद्धत बदलली.

याउलट म्युरेपाव्हाडिन या पेप्टाइडसदृश कृत्रिम औषधाची चाचणी थेट रुग्णालयातील गंभीर न्यूमोनियाच्या रुग्णांवर सुरू झाली. रुग्णांची निवड गरजेला धरून होती. पण शिरेतून दिलेल्या या औषधामुळे मूत्रपिंडाच्या इजेचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्याने २०१९ मध्ये या चाचण्या थांबवाव्या लागल्या. द्युबो यांच्या ग्रामिसिडिनपुढे उभा राहिलेला प्रश्न ८० वर्षांनंतरही पूर्णपणे सुटलेला नाही, असाच याचा अर्थ होतो.

भारतीय संदर्भ

पेप्टाइडांच्या संशोधनात भारतीय प्रयोगशाळांचाही सहभाग आहे. हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात एन. सीताराम व आर. नागराज यांनी वृषभाच्या वीर्यातील एका प्रथिनाच्या तुकड्यावर आधारित १३ अमिनो आम्लांचे कृत्रिम पेप्टाइड तयार केले. ते जिवाणूंना मारते, पण तांबड्या रक्तपेशीही फोडते, असे त्यांनी १९९० मध्ये नोंदवले. जिवाणूंस मारक व मानवी पेशीस निरुपद्रवी असा भेद रेणूच्या रचनेत कोठे दडलेला आहे, हा अशा संशोधनाचा गाभा होता. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी जिवाणूरोधी पेप्टाइडांचा ‘कॅम्प’ हा माहितीकोश तयार करून २०१० मध्ये त्याविषयीचा लेख प्रसिद्ध केला. संगणकाच्या साहाय्याने नव्या पेप्टाइडांचा अंदाज बांधण्याची सोयही त्यात आहे आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे प्रसिद्ध झाल्या आहेत.

परंतु भारताचा या इतिहासाशी असलेला अधिक निकटचा संबंध कोलिस्टिनमार्फत येतो. एकीकडे ते अत्यवस्थ रुग्णांसाठी राखून ठेवलेले औषध आणि दुसरीकडे कोंबड्या व अन्य जनावरांची वाढ लवकर व्हावी म्हणून खाद्यात मिसळले जाणारे द्रव्य, असा त्याचा दुहेरी वापर अनेक देशांत चालू होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी कोलिस्टिनला प्रतिरोध देणारे आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारे ‘एमसीआर-१’ हे जनुक जनावरे, मांस व रुग्ण या तिन्ही ठिकाणी आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर चीनने पशुखाद्यातील वाढीसाठीच्या वापरावर बंदी घातली. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेले प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती व पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. पुढे २०२३ मध्ये ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी हे जनुक असलेले जिवाणू प्राण्यांच्या नैसर्गिक संरक्षक पेप्टाइडांसही अधिक तोंड देऊ शकतात, असे दाखवून दिले. बेल व गुयों यांनी २००३ मध्ये पेक्सिगॅनानसारख्या भावी औषधांविषयी जी भीती व्यक्त केली होती, ती अशा प्रकारे एका जुन्याच औषधाच्या बाबतीत खरी ठरू लागली.

मधुमेही पायाच्या जखमांचा प्रश्नही आपल्याला परका नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. पेक्सिगॅनानच्या चाचण्यांतून मिळालेला सर्वांत उपयुक्त धडा कदाचित त्या औषधाविषयीचा नाही. नीट शुश्रूषा मिळाल्यास सौम्य जखमांचे मोठे प्रमाण सुधारते, हे त्या चाचण्यांतून दिसते. पादत्राणे, जखमेची स्वच्छता, वेळेवर तपासणी या साध्या उपायांवर होणारा खर्च हा प्रतिजैविकांचा वापर आटोक्यात ठेवण्याचाही उपाय आहे, असे म्हणता येईल.

निष्कर्ष

१) जिवाणूरोधी पेप्टाइडे हा नवा शोध नसून प्रतिजैविकांच्या इतिहासात ती १९३९ पासून आहेत. मेरिफील्ड यांच्या पद्धतीमुळे ती कृत्रिमरीत्या घडवणे सोपे झाले. मानवी शरीरास सुरक्षित करणे मात्र अद्याप अवघड आहे.

२) पेक्सिगॅनान केवळ नियमांच्या कठोरपणामुळे नाकारले गेले, ही प्रचलित मांडणी २०१६ च्या निकालानंतर टिकत नाही. १९९९ मध्ये उपस्थित झालेली शंका पुढे खरी ठरली.

३) चाचणीसाठी सौम्य संसर्गाची निवड ही तांत्रिक सोय व बाजारपेठ यांच्या दृष्टीने समजण्याजोगी होती, पण तिच्यामुळे औषधाच्या खऱ्या उपयुक्ततेचा प्रश्न अनुत्तरित राहिला.

४) प्रतिरोध निर्माणच होणार नाही असे औषध शोधण्याची अपेक्षा २००६ चा प्रयोग आणि एमसीआर-१ जनुक या दोहोंनी फोल ठरवली आहे. म्हणून नव्या पेप्टाइडांचा वापर कोठे व किती करावयाचा, याचे नियम औषध बाजारात येण्यापूर्वीच ठरणे आवश्यक आहे.

आज संगणकीय पद्धतींनी हजारो नव्या पेप्टाइडांची रचना सुचवता येते व त्यांतील काही प्रयोगशाळेत प्रभावीही ठरत आहेत. त्यांचे स्वागत करताना हे कोणत्या रुग्णास, कशाच्या तुलनेत आणि किती काळ उपयोगी पडेल, हा प्रश्न आरंभीच विचारावयास हवा. मॅगेनिनच्या बाबतीत तो नेमकेपणाने विचारला जाण्यास १९८७ ते २०१६ इतका काळ लागला.